मोल्टला बसलेली ताराबाई

२०२० च्या मे महिन्यातल्या एका सकाळी मी ताराबाईला जवळजवळ मारलं. हेतू तिला वाचवण्याचा होता.

ताराबाई म्हणजे टॅरँटुला. तळहाताएवढी, तपकिरी, अंगावर गुलाबी झाक असलेली, चिलियन रोझ जातीची कोळीण. ती मूळची माझी नव्हती. पुण्यातला माझा रूम पार्टनर २०१९ मध्ये शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना तिचा प्लास्टिकचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेला. "आठवड्याला एक रातकिडा, झाकणात पाणी, बाकी काही नाही," एवढंच मॅन्युअल. टॅरँटुलाचं 'तारा' झालं, आणि तिचा रुबाब बघून मागे 'बाई' लागलं.

पुढच्या मार्चमध्ये कंपनीनं घरून काम करा म्हणून मेल पाठवला. मी लॅपटॉप, चार कपडे आणि हा डबा घेऊन एसटीनं कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं, आता धाराशिव आहे. आठ दिवसांसाठी आलो होतो, लॉकडाऊन लागला आणि मुक्काम पडला. आजीनं डबा एकदाच बघितला आणि "हे माझ्या सैपाकघरात नको" एवढं बोलली. मग ताराबाई माळवदाच्या मागच्या खोलीत गेली. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं छत. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा गावात राहण्याजोगी तीच एक जागा असते.

एप्रिलपासून तिनं खाणं सोडलं होतं. टाकलेला रातकिडा डब्यात तिच्या शेजारून फिरायचा, ती ढुंकून बघायची नाही. पोटावरचा केस गेलेला टक्कल पडल्यासारखा भाग काळा पडत चालला होता. मला वाटलं, ऊन बाधलं. मग ती सकाळ आली. सव्वासहाला झाकण उघडलं तर ताराबाई पाठीवर पडलेली, आठही पाय वर. हलत नव्हती. मी प्लास्टिकचा चमचा घेतला आणि तिला सुलटी करायला लागलो. ती अर्धी वळली, कुशीवर अडकली, आणि एक पाय चमच्याखाली विचित्र मुरगळला.

"काय करायलास रे?"

तात्या, माझे चुलते, दारात उभे होते. त्यांचं तुतीचं रान आहे आणि घरामागे रेशीमकिड्यांचं शेड. सकाळचा पाला टाकून ते चहाला आले होते.

"मेली वाटतं, तात्या."

त्यांनी डब्याला हात लावला नाही. वाकून बघितलं. "मेलेला कोळी पाय पोटाशी घेऊन गोळा होतोय. कोपऱ्यात पडलेले बघितले न्हाईस का कधी? ही पसरून पडलीय. मेली न्हाई ही, मोल्टला बसलीय. आमच्या आळ्या बसत्यात तशी. आता हात लावू नको."

चार वर्षं इंजिनीअरिंग करून मला जे कळलं नव्हतं ते त्यांना दारातून कळलं. हा लेख त्या एका वाक्याच्या मागे जाण्याचा प्रयत्न आहे. "हात लावू नको" हे माणसाला कधी, कुठे आणि कोणाकडून कळत गेलं?

*

आधी डब्यात नेमकं काय चाललं होतं ते.

कोळ्याला हाडं नसतात. त्याचा सांगाडा म्हणजे त्याची कातडी: कडक, न वाढणारं बाहेरचं कवच. आत जीव वाढतो, कवच वाढत नाही. म्हणून जुन्या कवचाखाली नवं, मऊ, घड्या पडलेलं कवच तयार होतं आणि एक दिवस जुन्यातून बाहेर यावं लागतं. टॅरँटुला त्यासाठी आधी रेशमाची चटई विणतो आणि तिच्यावर उताणा होतो. मग शरीरातलं द्रव पोटाकडून पुढच्या भागाकडे ढकललं जातं. पोट आक्रसतं, पाठीवरची ढाल कडेनं उकलते आणि झाकणासारखी उचलली जाते. त्यानंतर आठ पाय, तोंडाजवळचे दोन स्पर्शपाद आणि सुळे, सगळं हातमोज्यातून बोटं काढावीत तसं ओढून काढायचं असतं. हे काम कधी तासाभरात होतं, कधी अख्खा दिवस घेतं.

यातलं द्रव ढकलणं महत्त्वाचं आहे. कोळी पाय आत घेतो तो स्नायूंनी, पण पायाच्या दोन मुख्य सांध्यांत तो सरळ करणारा स्नायूच नसतो. पाय पसरतो तो आतल्या द्रवाच्या दाबानं, जेसीबीचा हात हलतो तसा. १९५९ मध्ये केंब्रिजच्या पॅरी आणि ब्राउन या दोघांनी घरात आढळणाऱ्या कोळ्याच्या पायातला हा दाब मोजून दाखवला. तात्यांनी दारातून ओळखलं ते याच कारणानं. मेलेल्या कोळ्यात दाब उरत नाही, स्नायू पाय आत ओढून घेतात आणि तो मुठीसारखा मिटतो. ताराबाईचे पाय पसरलेले होते, म्हणजे आत दाब होता, म्हणजे ती जिवंत होती.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कोळी फक्त बाहेरची कातडी टाकत नाही. घशाचं आणि अन्न ओढून घेणाऱ्या जठराचं अस्तर, श्वास घ्यायच्या पुस्तकासारख्या फुप्फुसांचं अस्तर, तेही जुन्या कातीबरोबर बाहेर येतं. सुळे तेव्हा पांढरे आणि मऊ असतात, रातकिड्याच्या अंगातही घुसणार नाहीत असे. त्या काही तासांत टॅरँटुला हा जगातला सगळ्यात निरुपद्रवी प्राणी असतो. कोणीही त्याला इजा करू शकतं. मी केलीच होती.

मराठीत 'कात टाकणे' हा शब्दप्रयोग आपण किती सहज वापरतो. शहरानं कात टाकली, कंपनीनं कात टाकली. म्हणजे चकाचक झालं. त्या कातीतून बाहेर येणाऱ्या जिवाची ती रात्र कशी गेली हे त्या शब्दांत कुठेच नसतं.

*

टॅरँटुला हा शब्दच मुळात चुकीच्या पत्त्यावर आलेला आहे. दक्षिण इटलीत तारांतो नावाचं गाव आहे. तिथल्या एका कोळ्याच्या चाव्यानं माणूस वेडापिसा होतो आणि बेभान नाचूनच बरा होतो अशी शतकानुशतकं समजूत होती. त्यातूनच तारांतेला हा नाच आला. तो कोळी वेगळ्याच कुळातला, आकारानं बराच लहान. पण युरोपी लोक अमेरिका खंडात गेले, तिथे हाताएवढे केसाळ कोळी बघितले आणि घरचं भीतीचं नाव त्यांना चिकटवलं. टॅरँटुलाचा लिखित इतिहास असा भीतीपासून सुरू होतो.

पण भीती बाजूला ठेवून बघणारी एक बाई लवकरच आली. मारिया सिबिला मेरियन. जन्म १६४७, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. तेराव्या वर्षी तिनं रेशीमकिडे पाळायला सुरुवात केली. अळी कोषात कशी जाते, पतंग कधी बाहेर पडतो, हे रोज बघायचं आणि चितारायचं. किडे चिखलातून आपोआप जन्मतात असं मानणारे विद्वान तेव्हाही होते. पुढे १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. १७०५ मध्ये तिचं सुरीनामच्या कीटकांवरचं पुस्तक आलं. त्यात पेरूच्या फांदीवर पक्ष्याला पकडून बसलेला मोठा कोळी आहे. ते चित्र इतकं गाजलं की १७५८ मध्ये लिनियसनं त्या कोळ्याला पक्ष्यांवरूनच नाव दिलं, अविक्युलारिया.

पुढे कित्येक वर्षं लोकांनी त्या चित्राला थापा म्हटलं. मला मात्र त्यात वेगळंच दिसतं. टॅरँटुलाचं युरोपातलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र काढणारी बाई लहानपणी रेशीमकिडे पाळत होती. मेलेला किडा टाचणीला लावणं तिला पुरत नव्हतं. तो जिवंत ठेवून त्याच्या बदलाची वाट बघायची तिला सवय होती. आमच्या शेडमध्ये तात्या तेच करतात.

तिच्यानंतर काही वर्षांनी फ्रान्समध्ये रेओमूर नावाच्या शास्त्रज्ञानं तशीच वाट बघितली. नदीतल्या झिंग्याचा किंवा समुद्रातल्या खेकड्याचा पाय तुटला तर तो पुन्हा येतो, असं काठावरचे लोक सांगत. शहाणे लोक हसत. रेओमूरनं हसण्याऐवजी करून बघितलं. १७१२ मध्ये त्यानं सादर केलं की काठावरचे लोक बरोबर आहेत, पाय खरंच परत येतो. १७१८ मध्ये त्यानं नदीतला झिंगा कात कशी टाकतो ते लिहिलं. पाय एकमेकांवर घासणं, मग उताणं होणं, मग हळूहळू सुटून येणं. तीनशे वर्षांपूर्वीचं ते वर्णन वाचताना मला माझा डबाच दिसत होता. झिंगा आणि कोळी लांबचे नातेवाईक आहेत, आणि कवचातून बाहेर यायची अडचण दोघांची एकच आहे.

तुटलेला पाय आणि कात यांचं नातंही तिथेच कळतं. नवा पाय जुन्या कवचाच्या आत घडी घालून तयार होतो आणि कात टाकल्यावरच बाहेर दिसतो.

*

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. जंगल खात्यातले, रेल्वेतले, पलटणीतले साहेब फावल्या वेळात साप, विंचू, कोळी गोळा करत. ते स्पिरिटच्या बाटलीत घालून पाठवायचे. त्यातले बरेच कोळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रेजिनल्ड पोकॉकच्या टेबलावर पोचले. १८९९ पासून सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याचे लेख आले आणि १९०० मध्ये हिंदुस्थानातल्या कोळी-विंचवांवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ. आपल्याकडच्या टॅरँटुलांपैकी कितीतरी जातींची नावं त्या दोन वर्षांतली आहेत.

पोकॉकचं काम मोठंच. पण त्याच्याकडे येणारा कोळी मेलेला असायचा. केस मोजता येत, सुळे मोजता येत, पायावरचे पट्टे लिहिता येत. तो काय खातो, किती जगतो, कात टाकताना काय करतो, हे बाटलीतून कळणार कसं? बाटलीत काळ थांबलेला असतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आंध्रातल्या गुत्तीचं. सोलापूरहून चेन्नईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन आमच्याकडच्या पुष्कळ लोकांनी खिडकीतून बघितलेलं असेल. तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत निळ्या रंगाचा एक कोळी सापडला. पोकॉकनं १८९९ मध्ये त्या एकाच नमुन्यावरून त्याला नाव दिलं, पोईसिलोथेरिया मेटॅलिका. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं तो कोणाला दिसला नाही. तो कदाचित लाकडाबरोबर आगगाडीतून आलेला पाहुणा असावा. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. शंभर वर्षं आपल्याकडे त्याचं नाव होतं आणि त्याच्या जगण्याची एक ओळ नव्हती.

ती ओळ लिहायला कोळी घरात आणून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठातल्या विल्यम बेर्ग या प्राध्यापकानं ते केलं. हा गृहस्थ विष किती आहे हे बघायला कोळ्यांकडून स्वतःला चावून घेई, ब्लॅक विडोच्या चाव्यानं तर तो दवाखान्यात पडला होता. पण त्याचं खरं काम शांतपणाचं होतं. प्रयोगशाळेत शेकडो टॅरँटुला, आणि प्रत्येकाच्या कातीची नोंद. त्यातून कळलं की तिकडचा नर वयात यायला दहा वर्षांच्या आसपास लागतात, आणि मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते. नर शेवटची कात टाकून वयात येतो आणि मग फार जगत नाही. मादी मात्र वयात आल्यावरही कात टाकत राहते. १९५८ मध्ये बेर्गचं 'द टॅरँटुला' हे छोटं पुस्तक आलं तेव्हा त्यामागे कित्येक दशकांची वाट बघणं होतं.

आजही कोळ्यांवर काम करणाऱ्यांना यातून सुटका नाही. लहान कोळी सापडला तर त्याची जात पुष्कळदा ठरवताच येत नाही, तो पाळून शेवटच्या कातीपर्यंत वाढवावा लागतो. टाकलेल्या कातीवरून नर की मादी हेही कळतं, कारण मादीच्या बीजकोशाचं अस्तर त्या कातीत उमटलेलं असतं. २०१४ मध्ये झीशान मिर्झा आणि राजेश सानप या मुंबईच्या संशोधकांनी आरे कॉलनीतल्या एका टॅरँटुलाला आरेचंच नाव दिलं. मेट्रोच्या कारशेडवरून पुढे ज्या झाडीसाठी लोक रस्त्यावर उतरले, तिच्या मातीत तिच्याच नावाचा एक कोळी राहतो, हे त्यामुळे नोंदीवर आलं.

*

पण "हात लावू नको" हे तात्यांना बेर्गनं शिकवलं नव्हतं. ते कुठून आलं?

त्या सकाळी त्यांनी मला शेडमध्ये नेलं. तिथे तिसरा मोल्ट चालू होता. रेशमाची अळी अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत चार वेळा कात टाकते. साधारण पंचवीस-सव्वीस दिवसांचं तिचं आयुष्य, त्यात चार मोल्ट, प्रत्येक मोल्ट जवळपास एका दिवसाचा. एरवी शेडमध्ये पाला खाण्याचा पावसासारखा आवाज असतो. मोल्टला बसल्या की सगळं गप्प. हजारो अळ्या मान वर करून जागच्या जागी थिजलेल्या.

तेव्हा शेतकरी काय करतो? पाला बंद. बिछाना कोरडा राहावा म्हणून वर चुन्याची भुकटी. अळ्यांना हात नाही, ट्रे हलवायचा नाही, शेडमध्ये वर्दळ नाही. जवळपास सगळ्या उठल्या की निर्जंतुक पावडर धुरळायची, थोडं थांबायचं आणि मगच पाला. घाई करून अर्ध्या मोल्टमध्ये पाला टाकला तर आधी उठलेल्या खातात, बसलेल्या पाल्याखाली दबतात, आणि पुढचा सगळा लॉट लहान-मोठा होतो. तात्यांनी पहिल्या वर्षी ही चूक केली होती. "दीडशे अंडीपुंजाचा लॉट निम्म्यावर आला," ते म्हणाले. शहाणपण असं महागात आलं होतं.

गंमत म्हणजे कातीमागचं रसायनही रेशीमकिड्यातूनच सापडलं. १९५४ मध्ये जर्मनीत आडोल्फ बुटेनांट आणि पेटर कार्लसन यांनी रेशमाचे पाचशे किलो कोषातले किडे वापरून एक संप्रेरक वेगळं काढलं. हाताला लागलं पंचवीस मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही एवढं. त्याचं नाव एकडायसोन. कात टाकायची वेळ झाली हा निरोप शरीराला देणारा तो रेणू. त्याच कुळातली संप्रेरकं खेकड्यात, झिंग्यात आणि कोळ्यातही काम करतात. म्हणजे तात्यांनी "आमच्या आळ्या बसत्यात तशी" म्हटलं ते रसायनशास्त्रानुसारही बरोबर होतं.

त्या सकाळी पुढचं सगळं त्यांनीच केलं. आधी डब्यातला रातकिडा अलगद काढायला लावला. "हा कशाला आत? ती मऊ असताना हाच तिला कुरतडंल." मग परातीत पाणी ओतलं, मधे वीट ठेवली आणि विटेवर डबा. रेशमाच्या रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात ना, मुंग्या चढू नयेत म्हणून, तसं. कूलर दुसरीकडे वळवला. दार ओढून घेतलं. पिण्याच्या पाण्याचं झाकण तेवढं डब्यात राहू दिलं.

एकाच ठिकाणी मी त्यांना अडवलं. ते चुन्याची पुडी घेऊन आले होते. मला कारण माहीत नव्हतं, फक्त भीती वाटली. नंतर कळलं की ती भीती बरोबर होती. अळ्यांना मोल्टमध्ये कोरडेपणा लागतो. कोळ्याचं उलट, अंगात पाणी कमी असेल तर तो कातीत अडकतो, आणि भुकटी त्याच्या मऊ अंगाला आणि फुप्फुसांना घातकच. नियम एका शेडमधून दुसऱ्या डब्यात नेताना थोडं थांबून बघावं लागतं. मी रोज दुसऱ्याचा कोड कॉपी करतो, मला हे आधी कळायला हवं होतं.

दुपारी दीडला फटीतून बघितलं. ताराबाई बाहेर आली होती. फिकट, ओलसर, पांढऱ्या सुळ्यांची. शेजारी तिचीच रिकामी आकृती. सात पाय सुटून आले होते. उजवीकडचा तिसरा, मी चमच्यानं मुरगळलेला, जुन्या कातीत अडकला होता. संध्याकाळी तिनं तो खुब्याच्या सांध्यातून स्वतःच सोडून दिला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मी बराच वेळ तिथेच बसलो होतो. आजी दारात आली. "जगली का?" एवढंच विचारलं.

*

हे वाचून कोणाला टॅरँटुला घ्यावासा वाटला तर आधी पुढचं वाचावं.

२०२१ च्या जुलैमध्ये चेन्नईच्या कस्टम्सनं पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या कुप्या, आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. पार्सल परत पाठवलं गेलं. ती बातमी वाचताना मला एकच दिसत होतं. त्या कुप्यांत उताणं व्हायला जागा नव्हती. त्या प्रवासात एखाद्याची वेळ भरली असती तर?

गुत्तीच्या त्या निळ्या कोळ्याची आज युरोप-अमेरिकेतल्या घरांत पैदास होते. त्याच्या स्वतःच्या जंगलात तो अतिसंकटग्रस्त आहे. २०१९ मध्ये त्याची सगळी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या यादीत आली. आपला वन्यजीव कायदा २०२२ मध्ये सुधारला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, आणि साइटीस यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. ताराबाईची जात मी तिची कागदपत्रं शोधायला लागलो तेव्हा त्या यादीत नव्हती. पण ती कोणत्या पार्सलमधून भारतात आली हे मी रूम पार्टनरला कधी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. म्हणून दुसरी घेणार नाही. आणि येडशीच्या रामलिंगच्या जंगलात किंवा घाटात दिसलेला कोळी डब्यात भरून आणणं हा तर विषयच नको.

ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी मात्र तात्यांची पद्धत पुरते. खाणं सोडलं की जिवंत भक्ष्य काढून घ्या. पाणी भरलेलं ठेवा, पण अंगावर फवारू नका. उताणा दिसला की पाय बघा: पसरलेले असतील तर थांबा, पोटाखाली मुठीसारखे मिटलेले असतील तर काळजी करा. मुंग्यांचा बंदोबस्त करा. डबा हलवू नका, फोटोसाठी फ्लॅश मारू नका. बाहेर आल्यावर सुळे पांढऱ्याचे लाल, लालाचे काळे होईपर्यंत खायला देऊ नका. मोठ्या कोळ्याला त्याला आठ-दहा दिवस किंवा जास्तही लागतात. बाकी सगळं तो करतो.

*

माझ्या कपाटात शर्टाचा एक खोका आहे. त्यात ताराबाईच्या काती आहेत, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. मे २०२० च्या कातीला आठ पाय आहेत. उजव्या तिसऱ्या पायात अजून खरा पाय आहे, वाळलेला. ऑक्टोबर २०२१ च्या कातीला सातच पाय. त्या वेळी ती बाहेर आली तेव्हा रिकाम्या जागी काडीसारखा, फिकट, आखूड पाय होता. मी तात्यांना फोन करून बोलावलं होतं. २०२३ च्या कातीत तो काडीएवढा पाय आहे, आणि त्यातून बाहेर आलेला पाय बाकीच्यांपेक्षा जरासाच बारीक. आज ती चालताना सांगितल्याशिवाय कळत नाही. माझ्या कामात याला व्हर्जन हिस्टरी म्हणतात. माझी चूक कुठे झाली आणि ती भरून यायला किती वर्षं लागली, दोन्ही त्यात आहे. भरून येण्यात माझं काम एवढंच की मी पुन्हा चमचा घेतला नाही.

गेल्या महिन्यापासून ताराबाईनं खाणं सोडलंय. पोट काळं पडलंय. परातीत पाणी आहे, पाण्यात वीट, विटेवर डबा. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसतो. तात्या सकाळी पाला टाकून चहाला येतात, दारातूनच आत बघतात.

"बसली का?"

"नाही अजून."

"बसंल," म्हणतात आणि दार ओढून घेतात.